नफ्या-तोट्यापलीकडचा हिशेब
देवळालीचे ‘गणितानंद’ द. रा. कापरेकर

नवीन जालन्याहून खरेदीसाठी वा वसुलीसाठी मुंबईला निघालेल्या व्यापाऱ्याला लोहमार्गावरील स्थानके पाठ असतात. कुंडलिकेकाठचे गाव मागे पडते, छत्रपती संभाजीनगर येते, मनमाडला मार्ग मुंबईकडे वळतो, नाशिक रोड सुटते आणि लगोलग देवळालीचे छोटे स्थानक खिडकीबाहेरून सरकून जाते. पुढे कसाऱ्याचा घाट उतरला, कल्याण गेले, की उपनगरांच्या गर्दीत डोंबिवलीची पाटी क्षणभर दिसते. देवळाली अनेक जैन कुटुंबांना परकी नाही. तेथील हवेसाठी वडीलधाऱ्यांना घेऊन आरोग्यभवनांत महिना-पंधरा दिवस राहून येणारी घरे पुष्कळ आहेत. डोंबिवलीतही कोणाचे ना कोणाचे सोयरे असतातच. परंतु या दोन्ही गावांची नावे गणिताच्या जगात संख्यांना मिळालेली आहेत, आणि ती नावे देणारा माणूस देवळालीच्या शाळेतील एक साधा शिक्षक होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्या शिक्षकाचे नाव. त्यांच्यापाशी विद्यापीठाची खुर्ची नव्हती, पदव्युत्तर पदवी नव्हती, संशोधनासाठी वेतन देणारी संस्था नव्हती. होती ती पाटी, पेन्सिल आणि अंकांविषयीची अनावर ओढ. व्यापारी घरात अंक हे रोजच्या व्यवहाराचे साधन असते. भाव, वजन, व्याज, जमा आणि नावे यांच्याशी बांधलेल्या अंकालाच तेथे अर्थ असतो. कापरेकरांनी आयुष्यभर अशा अंकांची संगत केली, ज्यांच्यामागे ना रुपया होता ना क्विंटल. ‘याने मिळणार काय?’ हा प्रश्न त्यांच्या आयुष्याला सतत विचारला गेला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांचे चरित्र पुन्हा एकदा वाचण्याजोगे आहे.

वडिलांचे ज्योतिष, मुलाचे गणित

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची तर आकडेमोड हवीच. ग्रहांच्या फलापेक्षा त्या आकडेमोडीचीच गोडी मुलाला लागली. ठाण्याला शालेय शिक्षण पुरे करून १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. गणितात स्वतंत्र विचार मांडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ते ठेवलेले होते. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून देवळालीच्या शाळेत शिकवू लागले. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी शाळाही बदलली नाही आणि गावही सोडले नाही.

त्यांच्या दिनक्रमात नाट्य असे काहीच नव्हते. शाळा सुटली की सायकलवरून शिकवण्यांना जावे, वाट सापडेल तेथे नदीकाठी बसावे आणि मनात अंकांची जुळवाजुळव करीत राहावे. मद्यप्याला जशी त्याच धुंदीत राहण्याची ओढ असते, तशीच आपली अंकांच्या बाबतीत गत आहे, अशा अर्थाचे त्यांचे स्वतःविषयीचे उद्गार सांगितले जातात. व्यसनाची ही उपमा जैन वाचकाला खटकेल. परंतु ज्या नादाने कोणाचे घर उद्ध्वस्त होत नाही, कोणत्याही जिवाला इजा पोहोचत नाही आणि ज्याचा आनंद वाटल्याने वाढतो, त्या नादासाठी लोकांनीच त्यांना ‘गणितानंद’ हे अधिक शोभणारे नाव दिले.

त्यांचा एकांत दार लावून घेणाऱ्या माणसाचा नव्हता. ते मुलांत रमत, परिषदांना आवर्जून जात, भेटेल त्याला अंकांची गंमत सांगत. परंतु ज्या वाटेने ते चालले होते त्या वाटेवर त्यांना सोबत मिळाली नाही. चारचौघांत राहूनही आपल्या कामात एकटे असणे, हा एकांत अधिक कठीण असतो. तो त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे निभावला.

सात पायऱ्यांत एकच तळ

कापरेकरांचे नाव जगभर झाले ते ६१७४ या संख्येमुळे. १९४६ च्या सुमारास त्यांना तिचा शोध लागला आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. हा शोध समजण्यासाठी चौथीच्या मुलाला येणारी वजाबाकी पुरे आहे.

कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तीच कृती करावी. वजाबाकी तीन अंकी आली तर पुढे शून्य धरून ती चार अंकी मानावी.

कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊन पाहावे, १९०५. उतरता क्रम ९५१०, चढता ०१५९, वजाबाकी ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९, म्हणजे ८१७२. मग ८७२१ वजा १२७८, ७४४३. मग ७४४३ वजा ३४४७, ३९९६. मग ९९६३ वजा ३६९९, ६२६४. मग ६६४२ वजा २४६६, ४१७६. आणि शेवटी ७६४१ वजा १४६७, ६१७४. आता याच संख्येचे अंक पुन्हा मांडले तर तेच ७६४१ आणि तेच १४६७ येतात, आणि उत्तर पुन्हा ६१७४. येथे वाट संपते.

कोणत्याही संख्येपासून निघाले तरी अधिकात अधिक सात वजाबाक्यांत हाच मुक्काम येतो. ०००१ पासून ९९९८ पर्यंत, चारही अंक सारखे असलेल्या संख्या वगळता, एकही संख्या याला अपवाद नाही. या ६१७४ ला आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. तीन अंकी संख्यांवर हीच कृती केली तर ४९५ हाती लागते.

यात चमत्कार वाटला तरी गूढ काही नाही. चार अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडले, की पहिल्या व चौथ्या अंकांतील फरकाला ९९९ ने आणि मधल्या दोन अंकांतील फरकाला ९० ने गुणून केलेली बेरीज म्हणजेच ती वजाबाकी. १९०५ मधील अंक ९, ५, १, ०. पहिला फरक ९, म्हणून ८९९१, दुसरा फरक ४, म्हणून ३६०, बेरीज ९३५१. म्हणजे जवळजवळ दहा हजार संख्यांपैकी कोणतीही घेतली तरी पहिल्या वजाबाकीनंतर केवळ ५४ उत्तरेच संभवतात. दहा हजार वाटा एका फटक्यात ५४ पायवाटांवर येतात आणि त्या साऱ्या एकाच ठिकाणी उतरतात. कारण समजले म्हणून कौतुक कमी होत नाही. दहा हजार संख्यांच्या गर्दीत असा एक मुक्काम असेल, असे मुळात कोणाच्या मनात आले, याचेच कौतुक.

मुनीमजींचा नऊ

या वजाबाक्यांत आणखी एक खूण लपलेली आहे आणि ती पेढीवरच्या माणसाला चटकन ओळखू यावी. ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४ यांतील प्रत्येक संख्या ९ ने निःशेष भागली जाते.

जुन्या पेढ्यांवरील मुनीमांना हा नऊ चांगला परिचयाचा होता. रात्री तेरीज जुळली नाही, की ते आधी फरकाला ९ ने भागून पाहत. भाग पूर्ण गेला, की खतावताना कोठे तरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी, असा संशय घेऊन ते ओळी तपासत. ८३ ऐवजी ३८ लिहिले गेले तर फरक ४५. ७२० ऐवजी २७० लिहिले तर फरक ४५०. अंक तेच राहिले आणि जागा बदलल्या, तर त्या दोन संख्यांतील फरकाला ९ ने भाग जातोच, कारण दोहोंना ९ ने भागल्यावर उरणारी बाकी सारखीच असते.

मुनीमजींनी या नियमाचा उपयोग चूक शोधण्यासाठी केला. चूक सापडली, तेरीज जुळली, दिवा मालवला, की त्यांचा आणि त्या नऊचा संबंध संपे. कापरेकरांनी त्याच अदलाबदलीकडे पाहिले आणि विचारले, ही अदलाबदल पुन्हा पुन्हा केली तर काय होईल? दोघांच्या हाती एकच साधन होते. एकाचे काम जेथे संपले तेथे दुसऱ्याचे कुतूहल सुरू झाले. व्यापारी घरांतील कितीतरी बुद्धिमान माणसे या उंबरठ्यापर्यंत रोज येऊन गेली असतील. दिवसभराच्या कामानंतर तो ओलांडण्यास लागणारी फुरसत आणि मोकळे मन मात्र त्यांना क्वचितच लाभले.

डोंबिवली, देवळाली आणि हर्ष

कापरेकरांनी आपल्या शोधांना नावे दिली ती आपल्या रोजच्या आयुष्यातली. जुन्या जी.आय.पी. रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर गाडी बदलत असताना त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली. त्या संख्यांना त्यांनी स्थानकावरूनच ‘डेम्लो संख्या’ म्हटले. १६५, २५५३, ४७७७३ या तशा संख्या आहेत. २५५३ मध्ये टोकाच्या २ आणि ३ यांची बेरीज ५, आणि मधे ५५. ४७७७३ मध्ये टोकाच्या ४ आणि ३ यांची बेरीज ७, आणि मधे ७७७. यांतील विशेष देखण्या संख्या १ हाच अंक पुन्हा पुन्हा लिहून तयार होणाऱ्या संख्यांचा वर्ग करून मिळतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. चढावे आणि त्याच पायऱ्यांनी उतरावे, अशी यांची रचना.

दुसऱ्या एका प्रकाराला त्यांनी देवळालीचे नाव दिले. एखादी संख्या घ्यावी आणि तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवावी. ४७ मध्ये ४ आणि ७ यांची बेरीज ११ मिळवली की ५८ येतात. म्हणजे ४७ ही ५८ ची जननी. काही संख्यांना दोन जननी असतात. ९१ पासून १०१ येतात आणि १०० पासूनही १०१ येतात. परंतु २० कोठूनच येत नाही. ३१, ४२, ५३, ६४ यांचेही तसेच. ज्यांना जननीच नाही अशा या स्वयंभू संख्या. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६३ मध्ये कापरेकरांनी यांच्यावर पुस्तिका काढल्या. त्यांवर प्रकाशक म्हणून कोणत्याही मोठ्या संस्थेचे नाव नाही. पत्ता आहे तो देवळाली कॅम्पचा. पुस्तिका खासगीरीत्या छापलेल्या होत्या.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. हर्ष देणारी ती हर्षद. १२ मध्ये १ आणि २ यांची बेरीज ३, आणि ३ ने १२ ला भाग जातो. रामानुजन यांच्या नावाशी जोडली गेलेली १७२९ ही संख्याही हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. गंमत अशी, की ६१७४ देखील हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३.

आणखी एका प्रकाराला इतरांनी त्यांचे नाव दिले. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन भाग केले, २० आणि २५, तर त्यांची बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. वर्ग होऊन पसरलेली संख्या तोडली तरी पुन्हा आपल्या मूळ रूपात परत येते. यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

महावीराचार्यांचा हार

डेम्लो संख्यांपाशी जैन वाचकाने थोडे थांबावे, कारण तेथे एक जुना सोबती भेटतो. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. ज्या राष्ट्रकूटांची सत्ता मराठवाड्याच्या या भूमीवरही होती, त्यांच्याच छत्राखाली हे कार्य झाले. ग्रंथाच्या आरंभी महावीराचार्य भगवान महावीरांना वंदन करतात आणि व्यापार, पाकशास्त्र, वैद्यक, संगीत, वास्तुरचना अशा सर्वच व्यवहारांत गणित कसे उपयोगी पडते, हे सांगतात. व्याज, भागीदारी, सोन्याचा कस यांची उदाहरणेही ते घालतात. वाणिज्याशी या ग्रंथाचे नाते असे निकटचे आहे.

परंतु त्याच ग्रंथात असे गुणाकारही येतात, ज्यांचा बाजाराशी काहीएक संबंध नाही. १५२२०७ ला ७३ ने गुणावे, उत्तर ११११११११. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणावे, उत्तर १२३४५६५४३२१. एकापासून चढत सहापर्यंत जाणारी आणि तेथून क्रमाने उतरणारी संख्या, असे तिचे वर्णन आचार्य करतात. दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे असे गुणाकार त्यांना गळ्यातील हारासारखे वाटले.

१२३४५६५४३२१ हा १११११११ चा नव्हे, १११११ चाही नव्हे, तर नेमका सहा वेळा लिहिलेल्या एकाचा, म्हणजे ११११११ चा वर्ग आहे. कापरेकरांच्या देखण्या डेम्लो संख्यांपैकी ती एक. अकराशे वर्षांच्या अंतराने एका जैन आचार्याला आणि डोंबिवलीच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या एका शिक्षकाला एकाच हारातील मणी दिसावेत, हे विलक्षण आहे. योगायोग असा, की ज्या १९६३ मध्ये देवळालीच्या पत्त्यावरून स्वयंभू संख्यांची पुस्तिका निघाली, त्याच वर्षी सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने ‘गणितसारसंग्रह’ हिंदी अनुवादासह जीवराज जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केला.

कापरेकर जन्माने जैन नव्हते. परंतु संख्यात, असंख्यात आणि अनंत असा संख्येचा सूक्ष्म विचार करणाऱ्या परंपरेला त्यांचे वेड समजण्यास अवघड जाऊ नये. जैन आचार्यांनी असंख्याताचे आणि अनंताचेही प्रकार मोजले, ते काही माल तोलण्यासाठी नव्हे. ज्ञान हे ज्ञानासाठीच असते, ही गोष्ट त्या परंपरेत आधीपासून आहे.

एकांताची किंमत

कापरेकरांच्या वाट्याला मान्यता मात्र फार उशिरा आली. देशातील गणितज्ञांनी त्यांचे काम आरंभी गंभीरपणे घेतले नाही. त्यांचे लेख बहुधा लहान नियतकालिकांत येत किंवा खासगी पुस्तिकांतून निघत. या उपेक्षेमागे नुसता तुसडेपणा होता, असे म्हणणे न्यायाचे ठरणार नाही. विद्वानांचा आक्षेप असा होता, की या गमती संख्येच्या स्वभावातून येत नाहीत, ती लिहिण्याच्या पद्धतीतून येतात. माणूस दहाच्या पटीत मोजतो म्हणून ६१७४ ला महत्त्व आहे. बाराच्या किंवा सोळाच्या पटीत मोजणारी रीत असती, तर ही संख्या साधी ठरली असती. हा आक्षेप खरा आहे. गणिताच्या एखाद्या मोठ्या शाखेचा पाया कापरेकरांनी घातला नाही, हेही खरे आहे.

तरीही त्यांनी जे केले ते क्षुल्लक नव्हते. गणिताच्या मोठ्या वाड्यात शिरण्यासाठी वर्षानुवर्षांची तयारी लागते. कापरेकरांनी त्या वाड्याला एक दार असे ठेवले, ज्यातून दहा वर्षांचे मूल शिरू शकते आणि आत जाऊन खरोखरचा प्रश्न विचारू शकते. हे असेच का होते? नेहमीच होते का? पाच अंकी संख्यांचे काय? अशा प्रश्नांतूनच गणितज्ञ घडतो.

१९६२ मध्ये निवृत्त झाल्यावरचे दिवस सोपे नव्हते. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडू लागले. त्यांची राहणी आधीच अत्यंत साधी होती. कमी करावा असा खर्च फारसा उरला नव्हता. म्हणून साठी ओलांडलेल्या या माणसाला चरितार्थासाठी गणित आणि शास्त्र या विषयांच्या शिकवण्या कराव्या लागल्या. अंकांचा नाद मात्र सुटला नाही. कोपर्निकसच्या नावाने त्यांनी रचलेल्या जादूच्या चौरसावरील लेख १९७४ मध्ये एका भारतीय संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

मग मार्च १९७५ आला. अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर हे गणिताच्या गमतींवर सदर लिहीत. गणिताची आवड असलेले जगभरचे वाचक त्या सदराची वाट पाहत. त्या महिन्याच्या सदरात गार्डनर यांनी कापरेकरांविषयी लिहिले. देवळाली कॅम्पच्या पत्त्यावर छापलेल्या पुस्तिकांतील संख्या साता समुद्रापार पोहोचल्या. कापरेकरांनी तेव्हा सत्तर वर्षे पुरी केली होती. त्यानंतर ते अकरा वर्षे जगले आणि १९८६ मध्ये देवळाली येथे त्यांचे निधन झाले.

या कथेत समाजाला टोचावे असे काही आहे. देवळालीत राहणाऱ्या माणसाची ओळख मराठी माणसाला अमेरिकेच्या मासिकाने करून द्यावी लागली. ज्या गावात तो बत्तीस वर्षे शिकवत होता, ज्या लोहमार्गावरून हजारो व्यापारी त्याच्या गावावरून ये-जा करीत होते, तेथे त्याची एखादी पुस्तिका विकत घेणारे किती असतील? जैन धर्माने आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने सांगितली. अन्नछत्रे, पांजरपोळ आणि दवाखाने यांत समाजाने आपला वाटा मनापासून उचलला. ज्ञानदानासाठी शाळा आणि वसतिगृहे उभी केली. परंतु ज्ञानदान म्हणजे केवळ इमारत नव्हे. एखाद्या एकाकी अभ्यासकाच्या कामाचा छपाईखर्च उचलणे, त्याच्या पुस्तिकेच्या शंभर प्रती घेऊन शाळांतून वाटणे, त्याला आपल्या सभेत बोलावून शांतपणे ऐकणे, हेही ज्ञानदानच आहे. त्याला लागणारी रक्कम एका मध्यम पेढीच्या दिवाळीतील मिठाईच्या खर्चाहून अधिक नसते.

नाकारणारा आणि न मागणारा

एकांतप्रिय गणितज्ञ म्हटले की आज जगाला रशियाचे ग्रिगोरी पेरेलमान आठवतात. फ्रान्सच्या प्वांकारे यांनी १९०४ मध्ये मांडलेला आणि शतकभर न सुटलेला प्रश्न त्यांनी २००२ आणि २००३ मध्ये मांडलेल्या लेखांतून सोडवला. २००६ मध्ये गणितातील सर्वोच्च मानले जाणारे फील्ड्स पदक त्यांनी नाकारले. २०१० मध्ये दहा लाख डॉलरचे पारितोषिकही घेतले नाही आणि सेंट पीटर्सबर्गमधील आपल्या अज्ञातवासात ते राहिले. त्यांच्या त्यागाची वार्ता जगभर झाली, आणि ती होणे योग्यच होते.

कापरेकरांच्या दारी नाकारण्यासारखे असे काही आलेच नाही. पेरेलमान यांच्या कामाची खोली आणि कापरेकरांच्या कामाची खोली यांची तुलनाही होऊ शकत नाही. परंतु वृत्तीच्या तराजूत पाहिले तर दोघांत एक साम्य आहे. दोघांनीही ज्ञानातून मिळणाऱ्या आनंदालाच पुरेसे मोल मानले. आलेले धन परत करणे हा एक अपरिग्रह. धन येणार नाही हे पुरते ठाऊक असताना, वर्षामागून वर्षे, त्याच निष्ठेने काम करीत राहणे हाही अपरिग्रहच. पहिल्याची बातमी होते. दुसऱ्याची बहुधा होत नाही, कारण तो कोणत्याही एका दिवशी घडत नाही.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. अभ्यासकाची निरिच्छता हा त्याचा गुण असतो. त्याची ओढगस्त हा समाजाचा गुण होऊ शकत नाही. कापरेकरांनी मागितले नाही, म्हणून त्यांना काही लागत नव्हते, असे नाही. शिकवण्यांत गेलेल्या म्हातारपणाच्या त्या तासांत त्यांनी आणखी किती संख्यांशी ओळख करून घेतली असती, याचा हिशेब कोणत्याच वहीत मांडलेला नाही.

वहीचे पहिले पान

दिवाळीला भगवान महावीरांच्या निर्वाणाचे स्मरण होते आणि नवीन जालन्याच्या पेठेत वहीपूजन होते. आता बहुतेकांचे हिशेब संगणकावर गेले, तरी पूजेपुरती लाल वही येतेच. घरातील लहान मुले पूजेभोवती घोटाळत असतात. त्यांतील एखाद्याला अंकांचे वेड असते. ते गाड्यांच्या क्रमांकांतील अंकांची बेरीज करते, बिलाच्या पाठीमागे आकडे उलटेसुलटे लिहिते, विचारल्यावर नीट सांगता येत नाही अशा कशात तरी गढून जाते. ‘हे काय चालवले आहेस, जरा कामाचे बघ,’ असे कोणी तरी म्हणते. त्यात रागही नसतो, केवळ काळजी असते. व्यापार करणाऱ्या घराला मुलाच्या उद्याची काळजी करावीच लागते.

त्या मुलाचा रामानुजन किंवा पेरेलमान होईल, असे नाही. बहुधा ते पुढे पेढीवरच बसेल, आणि चांगले बसेल. परंतु ज्याला अंकाशी विनाकारण मैत्री करता आली, त्याला अंकाची भीती वाटत नाही. आणि ज्याला काही तरी निव्वळ आनंदासाठी करता आले, त्याच्या आयुष्याला नफ्या-तोट्याच्या दिवसांत टेकायला एक जागा उरते.

अशा मुलाला एखाद्या संध्याकाळी १९८६ हे वर्ष लिहून द्यावे. ते कापरेकरांच्या निधनाचे वर्ष आहे, हे नंतर सांगता येईल. अंक उतरते मांड, चढते मांड आणि वजा कर, एवढेच सांगावे. ९८६१ वजा १६८९, ८१७२. पुढचे त्याचे त्यानेच करावे. वडिलांना उत्तर ठाऊक असले तरी त्यांनी ते सांगू नये आणि दुकानातून फोन आला तरी उठू नये. सहाव्या वजाबाकीला मूल मान वर करून पाहील, तेव्हा कोणी तरी जवळ बसलेले असावे.